विकिपीडियाच्या प्रणालीची निवड : एकसूत्रता आणि स्वायत्तता (२००१–२०१९)

एकाच संस्थेला जेव्हा अनेक मोठी संकेतस्थळे चालवावी लागतात, तेव्हा त्या सर्वांसाठी कोणती प्रणाली स्वीकारावी हा प्रश्न वरवर पाहता तंत्रज्ञांचा वाटतो. कोणती आज्ञावली वेगाने चालते, कोणती स्वस्त पडते, कोणती सांभाळावयास थोडी माणसे पुरतात, एवढ्यावर त्याचा निकाल लागावा अशी सर्वसाधारण समजूत असते. विकिपीडियाचा इतिहास तपासला असता ही समजूत अपुरी ठरते. तेथे प्रणालीची निवड अनेकदा झाली आणि बहुतेक वेळा ती निरुपायाने झाली. परंतु या सर्व निवडींहून दूरगामी ठरला तो निर्णय निराळाच होता. सर्व भाषांतील आवृत्त्यांनी एकाच प्रणालीवर राहावयाचे, हा तो निर्णय होय. त्यामुळे लहान भाषांच्या पदरात जे पडले ते त्यांना स्वबळावर उभे करता येणे जवळजवळ अशक्य होते. आणि त्याच निर्णयामुळे त्यांना वेगळे होण्याची वाट वर्षागणिक अरुंद होत गेली. ही दोन्ही फळे एकाच वेलीची कशी आहेत, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

विकिपीडियाच्या पूर्वी न्यूपीडिया नावाचा एक ज्ञानकोश जिमी वेल्स यांनी मार्च २००० मध्ये सुरू केला होता व लॅरी सँगर हे त्याचे मुख्य संपादक होते. लेख तज्ज्ञांनी लिहावा आणि सात पायऱ्यांच्या परीक्षणातून तो पार पडल्यावरच प्रसिद्ध व्हावा, अशी त्याची व्यवस्था होती. परिणामी पहिल्या वर्षभरात अवघे वीसएक लेख पूर्ण झाले. ही गती असह्य होऊन, कच्चे लेखन जमविण्यासाठी एक पूरक साधन म्हणून १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडियाचा प्रारंभ झाला. ‘विकि’ म्हणजे कोणाही वाचकाला तेथल्या तेथे संपादित करता येईल असे पान. ही कल्पना वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये प्रत्यक्षात आणली होती. विकिपीडियासाठी जी आज्ञावली घेतली ती क्लिफर्ड अ‍ॅडम्स यांची ‘यूजमॉडविकी’. पर्ल भाषेत लिहिलेली, फुकट उपलब्ध असलेली आणि थोडक्या वेळात उभी करता येणारी ही प्रणाली होती. अनेक भाषा, लक्षावधी लेख, सहस्रावधी संपादक यांचा विचार करून ती निवडली गेली असे म्हणता येत नाही. तसा विचार करावा अशी परिस्थितीच नव्हती. कारण हे उपकरण मुख्य प्रकल्पाचे केवळ अंगण होय, असे चालकांना वाटत होते. वाडा ओस पडला आणि अंगणात वस्ती झाली, हा पुढचा भाग.

या पहिल्या प्रणालीचे दोन दोष प्रसिद्ध आहेत. दुवा द्यावयाचा तर दोन शब्द मधल्या अक्षरांना मोठी लिपी वापरून चिकटवावे लागत. ही रीत इंग्रजीतही कुरूप दिसे. आणि ज्या लिप्यांत मोठ्या-लहान अक्षरांचा भेदच नाही त्यांत ती सर्वथा निरुपयोगी. हा दोष अ‍ॅडम्स यांनी २००१ च्या आरंभीच दुहेरी चौकटी कंसांची सोय करून दूर केला. आज देवनागरीत लिहिणारा संपादक जे कंस वापरतो ते त्या दुरुस्तीचेच अपत्य आहे. दुसरा दोष इतिहासाच्या अभ्यासकाला अधिक जाचक ठरला. यूजमॉडविकी प्रत्येक पान साध्या संचिकेत साठवीत असे आणि पानाच्या जुन्या प्रती ठराविक मुदतीनंतर टाकून देत असे. त्यामुळे विकिपीडियाच्या अगदी आरंभीच्या लेखनाचे दप्तर पुष्कळसे नष्ट झाले असे दीर्घकाळ समजले जाई. डिसेंबर २०१० मध्ये टिम स्टार्लिंग यांना जुन्या साठ्यात एक प्रत सापडली. तीत जानेवारी २००१ पासून त्या वर्षीच्या ऑगस्टपर्यंतची संपादने होती. एका मोठ्या संस्थेच्या जन्मकाळाची साधने वाचली ती अशी योगायोगाने. प्रणाली निवडताना दप्तर राखण्याचा विचार गौण मानला की काय होते, याचे हे उदाहरण पुराभिलेखाच्या अभ्यासकांनी आवर्जून लक्षात ठेवण्यासारखे आहे.

इंग्रजीखेरीज इतर भाषांतील आवृत्त्या मार्च २००१ पासून निघू लागल्या. जर्मन आवृत्ती ही त्यांतील अगदी पहिल्यांपैकी एक. प्रत्येक भाषेसाठी स्वतंत्र स्थळ, परंतु आज्ञावली मात्र तीच, अशी ही मांडणी होती. येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. या सर्व स्थळांचा सर्व्हर वेल्स यांच्या बोमिस या व्यापारी कंपनीचा होता. प्रणाली मुक्त, मजकूर मुक्त, परंतु यंत्र खाजगी मालकीचे, या विसंगतीतून पहिला मोठा तंटा उद्भवला. फेब्रुवारी २००२ मध्ये, स्थळावर जाहिराती घ्याव्या लागतील की काय, असे सूचित करणारा उल्लेख सँगर यांच्या एका निवेदनात आला. स्पॅनिश आवृत्तीचे संपादक त्यामुळे बिथरले. एदगर एनयेडी यांच्या पुढाकाराने त्यांतील बरेच जण बाहेर पडले आणि त्यांनी सेव्हिल विद्यापीठाच्या सर्व्हरवर ‘एनसिक्लोपेदिया लिब्रे’ हा स्वतंत्र ज्ञानकोश उभा केला. जातेवेळी त्यांना लेख बरोबर नेता आले, कारण मजकूर मुक्त परवान्याखाली होता. प्रणाली उभी करता आली, कारण तीही मुक्त होती. मूळ स्पॅनिश विकिपीडिया त्यानंतर काही काळ मागे पडली.

या फुटीचे महत्त्व तिच्या आकारात नाही. एका आवृत्तीने उठून जाण्याची किंमत २००२ मध्ये किती अल्प होती, हे ती दाखविते. एखादा सर्व्हर, दोन-चार जाणते स्वयंसेवक आणि एका विद्यापीठाचे सौजन्य एवढ्यावर ते काम भागले. जाहिराती घेतल्या जाणार नाहीत हे लवकरच स्पष्ट करण्यात आले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये विकिपीडिया ‘डॉट कॉम’वरून ‘डॉट ऑर्ग’वर गेली आणि २० जून २००३ रोजी विकिमीडिया फाउंडेशनची स्थापना झाली. या घटनांच्या मुळाशी केवळ स्पॅनिश संपादकांचा उठाव होता असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तथापि निघून जाता येते हे एकदा सिद्ध झाल्यावर चालकांना तिकडे दुर्लक्ष करणे शक्य नव्हते, एवढे खास.

दरम्यान प्रणाली बदलण्याची निकड निर्माण झाली होती. कोलोन विद्यापीठातील मॅग्नस मान्स्के या विद्यार्थ्याने पीएचपी भाषेत, मायएसक्यूएल या डेटाबेसचा आधार घेऊन, खास विकिपीडियासाठी नवी आज्ञावली लिहिली. २५ जानेवारी २००२ रोजी इंग्रजी आवृत्ती तिच्यावर गेली. नामविश्वे, म्हणजे लेख, चर्चा, सदस्य इत्यादी पानांचे वेगवेगळे वर्ग, आणि आपल्या आवडीच्या लेखांवर नजर ठेवण्याची सूची या सोयी या दुसऱ्या पर्वातील. पण वाचकांची गर्दी वाढताच ही प्रणाली गुदमरू लागली. पान दाखवावयाचे म्हणजे प्रत्येक वेळी डेटाबेसला विचारणे आले आणि तो भार एकट्या यंत्राला पेलवेना. तेव्हा ली डॅनियल क्रॉकर यांनी सगळी आज्ञावली नव्याने लिहिली आणि जुलै २००२ मध्ये ती वापरात आली. हेच तिसरे पर्व. २००३ मध्ये त्याला ‘मीडियाविकी’ हे नाव मिळाले. अठरा महिन्यांत तीन प्रणाली! त्यांतील एकीचीही निवड निविदा मागवून, तुलनेचे तक्ते करून झालेली नाही. आधीची मोडकळीस आली आणि पुढची लिहून देणारा माणूस समोर उभा होता, इतकेच त्याचे कारण. बाजारातील तयार प्रणालींचा विचार का झाला नाही, असे कोणी विचारील. लेखाची प्रत्येक जुनी प्रत कायम राखावयाची, कोणालाही लिहू द्यावयाचे आणि परवाना-शुल्क मुळीच द्यावयाचे नाही, या तीन अटी एकत्र पाळणारे दुसरे साधन त्या वेळी सहजी हाती नव्हते, हे त्याचे उत्तर संभवते.

इतर भाषांच्या आवृत्त्या या नव्या प्रणालीवर एकामागून एक, सवडीने आणल्या गेल्या. या कामी ब्रायन व्हिबर यांचे नाव घ्यावे लागते. ते एस्पेरान्तो आवृत्तीतून आलेले. इंग्रजीच्या वर्णमालेत न बसणारी अक्षरे असलेल्या भाषेचा अनुभव त्यांच्या गाठीस होता आणि पुढे मीडियाविकीच्या विकासाची मुख्य जबाबदारी त्यांच्याकडेच आली. लिपीचा प्रश्न त्या काळी किती बिकट होता याची कल्पना आज येणे कठीण. मीडियाविकीत काही आवृत्त्या लॅटिन-१ या संकेतावर चालत, तर काही यूटीएफ-८ या सर्व लिप्यांना सामावून घेणाऱ्या संकेतावर. इंग्रजी, डच, डॅनिश, स्वीडिश या आवृत्त्या पहिल्या गटातील. अशा आवृत्तीत देवनागरीतील एखादे नाव साठवावयाचे तर त्यातील प्रत्येक चिन्हाचा अंकसंकेत साठवावा लागे. म्हणजे पाच चिन्हांच्या ‘मराठी’ या शब्दासाठी संपादकाच्या चौकटीत अंकांच्या पाच ओळी दिसत. मीडियाविकीच्या १.५ या आवृत्तीने २००५ मध्ये हा भेद नाहीसा केला आणि सर्व स्थळे यूटीएफ-८ वर आली. याच वेळी डेटाबेसची अंतर्गत रचनाही पालटली. चालू प्रत एका तक्त्यात व जुन्या प्रती दुसऱ्या तक्त्यात ठेवण्याची रीत मोडून पान, आवृत्ती आणि मजकूर अशी त्रिभागी व्यवस्था आली.

मराठी विकिपीडियाचा प्रारंभ १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी झाला. तिसरे पर्व तोवर स्थिर होत आले होते. हा कालक्रम मराठीच्या पथ्यावर पडला असे म्हणावयास हरकत नाही. सर्व्हर, डेटाबेस, जुन्या प्रती राखण्याची सोय, यूटीएफ-८ चा आधार यांपैकी एकही गोष्ट मराठी संपादकांना निर्माण करावी लागली नाही. प्रणालीतील सूचनांचा अनुवाद करणे आणि लेख लिहिणे एवढेच काम उरले. ते लहान होते असे नाही. परंतु ते भाषेचे काम होते, यंत्राचे नव्हते.

आता ही एकसूत्र व्यवस्था प्रत्यक्षात कशी चालते ते पाहिले पाहिजे, कारण तिच्या गुणदोषांचे मूळ तपशिलात आहे. सर्व स्थळांसाठी आज्ञावलीचा संच एकच असतो. प्रत्येक स्थळाचा डेटाबेस मात्र स्वतंत्र असतो. मराठीचा ‘एमआरविकी’ या नावाने ओळखला जातो. इंग्रजीसारख्या प्रचंड आवृत्तीला स्वतःचा डेटाबेस-सर्व्हरांचा गट मिळतो, तर लहान आवृत्त्या शेकड्यांनी एका गटात नांदतात. कोणत्या स्थळावर काय वेगळे असावे याची नोंद एका मध्यवर्ती संचिकेत असते. तिच्यात प्रत्येक बाबीपुढे प्रथम सर्वसाधारण मूल्य आणि खाली ज्या स्थळांना ते लागू नाही त्यांचे अपवाद, अशी मांडणी आहे. स्थळाचे नाव, नामविश्वांची नावे, प्रचालकांचे अधिकार, असे पुष्कळ काही तेथे भाषागणिक बदलता येते. परंतु ती संचिका संपादकांच्या हाती नसते. एखाद्या आवृत्तीला अपवाद हवा असेल तर आपल्या चर्चापानावर सहमती घडवावी, मग मध्यवर्ती नोंदवहीत मागणी नोंदवावी, ही रीत आहे. (ही नोंदवही प्रथम बगझिला होती, २०१४ अखेर तिची जागा फॅब्रिकेटरने घेतली.) आपल्याकडील संस्थानांच्या इतिहासाशी परिचित असलेल्या वाचकाला यात ओळखीचे काही दिसेल. अंतर्गत कारभार आपला, पण टपाल, नाणे आणि रेल्वे दुसऱ्याच्या हाती.

या मध्यवर्ती भागाची व्याप्ती पुढील दहा वर्षांत एकेका पायरीने वाढली. सप्टेंबर २००४ मध्ये ‘विकिमीडिया कॉमन्स’ हे चित्रांचे समाईक भांडार सुरू झाले. तोपर्यंत एकच छायाचित्र प्रत्येक आवृत्तीत वेगळे चढवावे लागत असे. २००८ पासून संपादकांना सर्व स्थळांवर एकच खाते वापरण्याची सोय झाली आणि एप्रिल २०१५ मध्ये ती सर्वांसाठी अंतिम करण्यात आली. दोन आवृत्त्यांत एकाच नावाचे दोन वेगळे सदस्य असल्यास त्यांतील एकाला नाव सोडावे लागले. तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची. एखादा लेख पन्नास भाषांत असेल, तर पूर्वी प्रत्येक भाषेतील पानावर उरलेल्या एकोणपन्नास भाषांचे दुवे लिहावे लागत. म्हणजे एका विषयासाठी एकूण २,४५० दुवे झाले, आणि एका भाषेने शीर्षक बदलले की सर्वत्र दुरुस्ती करणे आले. हे काम स्वयंचलित सांगकामे रात्रंदिवस करीत. लहान आवृत्त्यांच्या ‘अलीकडील बदल’ या पानावर माणसांपेक्षा सांगकाम्यांचीच वर्दळ अधिक दिसे. ऑक्टोबर २०१२ मध्ये ‘विकिडेटा’ सुरू झाले व हे सर्व दुवे तेथे एकवटले. जानेवारी २०१३ मध्ये हंगेरियन आवृत्तीने त्याचा प्रथम स्वीकार केला; मार्चपर्यंत उरलेल्या सर्व आवृत्त्या त्यात आल्या.

यांतील प्रत्येक पायरी सोयीची होती. लहान भाषांना तर ती वरदानच ठरली. २०१३ मध्ये आलेल्या भाषानिवडीच्या समाईक साधनाने मराठीत लिप्यंतरणाने अथवा इन्स्क्रिप्ट पद्धतीने टंकन करण्याची सोय सर्व स्थळांवर एकदम उपलब्ध करून दिली, हे त्याचे एक उदाहरण. परंतु सेव्हिलकडे गेलेल्या संपादकांना २००२ मध्ये जे करता आले, ते आता कोणा आवृत्तीला करावयाचे झाले तर? मजकूर अजूनही नेता येईल. मीडियाविकीही जीपीएल परवान्याखाली मुक्तच आहे. पण चित्रे कॉमन्सवर, सदस्यांची ओळख समाईक खात्यात, आंतरभाषिक दुवे विकिडेटात. कायद्याने दार उघडे आणि व्यवहारात उंबरठा छातीइतका उंच, अशी ही स्थिती आहे.

अन्य संस्थांनी हाच प्रश्न कसा सोडविला याची तुलना येथे उद्बोधक होईल. एका आज्ञावलीवर अनेक स्थळे चालविण्याची सोय द्रुपाल या प्रणालीत पूर्वीपासून होती. वर्डप्रेसची बहुस्थळी शाखा वेगळी होती. जून २०१० मध्ये ३.० या आवृत्तीत ती मूळ प्रणालीत विलीन झाली. अमेरिकेच्या अध्यक्षीय कार्यालयाचे संकेतस्थळ ऑक्टोबर २००९ मध्ये द्रुपालवर आले आणि डिसेंबर २०१७ मध्ये ते वर्डप्रेसवर गेले. आठ वर्षांत घर बदलणे त्याला जमले, कारण स्थळ एकच होते व मालकही एकच. ब्रिटिश शासनाचा मार्ग याहून भिन्न. मार्था लेन फॉक्स यांच्या २०१० मधील शिफारशीनंतर शासकीय स्थळांसाठी समाईक प्रणाली पुरविण्याऐवजी ती स्थळेच रद्द करून एक स्थळ करण्याचे ठरले. १७ ऑक्टोबर २०१२ रोजी ‘गव्ह डॉट यूके’ सुरू झाले, २०१३ च्या वसंतापर्यंत सर्व मंत्रालये त्यात आली आणि २०१४ अखेर तीनशेहून अधिक संस्थांचे स्थलांतर पूर्ण झाले. तेथे प्रणाली तयार न घेता रूबी भाषेत स्वतः घडविली गेली. खात्यांची कुरकुर झाली असली तरी निर्णय मंत्रिमंडळ कार्यालयाचा होता आणि खात्यांना तो मानणे भाग होते. विकिमीडियाची अडचण अशी की, तिच्यापाशी ब्रिटिश मंत्रिमंडळाचा अधिकार नाही आणि एकट्या स्थळाची मोकळीकही नाही. संपादक हे नोकर नव्हेत. त्यांच्यावाचून स्थळ चालत नाही आणि त्यांना आज्ञाही करता येत नाही.

ही अडचण २०१३-१४ मध्ये उघड्यावर आली. जुलै २०१३ मध्ये फाउंडेशनने दृश्य-संपादक सर्वांसाठी चालू केला. इंग्रजी आवृत्तीने सप्टेंबरात तो पुन्हा ऐच्छिक करविला. पुढच्या वर्षी चित्रे दाखविणाऱ्या ‘मीडिया व्ह्यूअर’ या साधनावरून जर्मन आवृत्तीत खटका उडाला. तेथील संपादकांनी मतदान घेऊन हे साधन मूलतः बंद ठेवावे असे ठरविले आणि एका प्रचालकाने स्थळाच्या समाईक पानात बदल करून ते बंदही केले. ऑगस्ट २०१४ मध्ये फाउंडेशनने उत्तरादाखल ‘सुपरप्रोटेक्ट’ ही संरक्षणाची नवी पातळी निर्माण केली. तीमुळे निवडून आलेल्या प्रचालकांनाही ते पान बदलता येईना. शेकडो संपादकांनी निषेधपत्रावर सह्या केल्या.

मीडिया व्ह्यूअर चांगला की वाईट हा प्रश्न येथे गौण आहे. वाचकांच्या दृष्टीने पाहता फाउंडेशनची बाजू निराधार नव्हती. लक्षावधी वाचकांना काय दिसावे हे काही शे संपादकांच्या मतदानाने ठरावे काय, हा तिचा आक्षेप विचारार्ह होता. पण तो मांडण्याची रीत तिने चर्चेची न ठेवता प्रणालीची केली, आणि तेथे तिचे चुकले. ज्या सूत्राने आवृत्त्या जोडल्या गेल्या होत्या त्याचाच फास होऊ शकतो, हे या एका कृतीने सर्वांना दिसले. स्पॅनिश संपादकांप्रमाणे जर्मन संपादक आवृत्ती घेऊन बाहेर पडले नाहीत. आवृत्ती कितीतरी मोठी झाली होती आणि तिची मुळे समाईक भांडारांत खोल गेली होती. त्यांनी आत राहून विरोध चालू ठेवला. नोव्हेंबर २०१५ मध्ये ‘सुपरप्रोटेक्ट’ काढून टाकण्यात आले. मीडिया व्ह्यूअर मात्र राहिला.

स्वतः फाउंडेशनही सर्वस्वी स्वतंत्र नाही, हे सांगितल्याशिवाय चित्र पुरे होत नाही. २०१३ मध्ये तिने मायएसक्यूएल सोडून मारियाडीबी हा त्याच कुळातील डेटाबेस स्वीकारला. २०१४ अखेर वेगासाठी पीएचपीच्या मूळ यंत्रणेऐवजी फेसबुकने घडविलेली एचएचव्हीएम ही यंत्रणा घेतली आणि पानांची गती खरोखरच सुधारली. परंतु एचएचव्हीएम यापुढे पीएचपीशी सुसंगत ठेवली जाणार नाही, असे २०१७ मध्ये जाहीर झाले. तोवर मूळ पीएचपीची सातवी आवृत्तीही पुष्कळ वेगवान झाली होती. २०१९ मध्ये फाउंडेशनने आपली सर्व स्थळे पुन्हा पीएचपीवर आणली. हे स्थलांतर इंग्रजी, जर्मन, मराठी अशा सर्व आवृत्त्यांसाठी एकाच ठिकाणी ठरले व पार पडले. कोणत्याही एका भाषेने त्याविषयी स्वतंत्र निर्णय घ्यावा असा प्रश्नच उद्भवला नाही.